गिरणींतील मुलें आणि एका शिक्षकाचा कॅमेरा

शाळेंत वर्षांतून एकदां वैद्यकीय तपासणी होते. त्या दिवशीं प्रत्येक विद्यार्थी भिंतीवरील पट्टीला पाठ लावून उभा राहतो, डॉक्टर त्याची उंची वाचतात आणि ती त्याच्या नांवापुढें मांडली जाते. गेल्या वर्षापेक्षां आपण किती वाढलों हें पाहण्यांत मुलांना मौज वाटते व आईबापांना समाधान वाटतें. एके काळीं अमेरिकेंत एक शिक्षक असाच मुलांची उंची मोजीत हिंडत असे. मात्र तें काम त्यास चोरून करावें लागे. पट्टीऐवजीं तो आपल्या जाकिटाच्या गुंड्या वापरी, आणि आंकडा टिपतांना त्याचा हात कोटाच्या खिशांत असे. त्यानें मोजलेल्या एका मुलीची उंची ५१ इंच, म्हणजे सवाचार फूट भरली. ती शाळेंत नव्हती. कापसाच्या गिरणींत सूत काढण्याच्या साच्यावर कामाला होती.

ही गोष्ट १९०८ सालच्या डिसेंबर महिन्यांतील. स्थळ, नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील व्हिटनेल येथील गिरणी. शिक्षकाचें नांव लुइस हाइन. त्या मुलीला गिरणींत लागून एक वर्ष झालें होतें. कधीं कधीं ती रात्रपाळीसहि येई. साच्यांच्या चार बाजू तिच्याकडे सोंपविलेल्या होत्या, आणि दिवसाची मजुरी ४८ सेंट, म्हणजे अर्ध्या डॉलरहूनहि कमी होती. हाइननें वय विचारतांच ती घुटमळली व आपणांस आठवत नाहीं म्हणाली. मग विश्वासानें हळूच सांगून गेली कीं, कामावर येण्याइतकें आपलें वय झालेलें नाहीं, तरी आपण काम करतोंच. त्या गिरणींतील ५० कामकऱ्यांपैकीं सुमारें तिच्याच चणीचीं १० मुलें होतीं.

या एका उत्तरांत त्या काळच्या साऱ्या प्रश्नाचें बीज आहे. कायदा होता. मुलीस तो ठाऊकहि होता. तथापि ती साच्यापुढें उभी होती. असें कां व्हावें, आणि एका शिक्षकाच्या कॅमेऱ्यानें त्यांत काय फरक पडला, हें येथें सांगावयाचें आहे.

घरोघरीं चरख्यावर सूत निघे, तेव्हांहि मुलें वडीलधाऱ्यांस हातभार लावीतच. परंतु तें काम घरच्या सोयीनें चाले. १७७१ सालीं रिचर्ड आर्कराइट यानें इंग्लंडमध्यें क्रॉमफर्ड येथें पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी उभारली आणि हा क्रम पालटला. बळ आतां यंत्राचें होतें. माणसाकडून हवीं होतीं तीं केवळ चपळ बोटें आणि जागे डोळे. तुटलेला धागा सांधणें, चालत्या यंत्राखालीं सरपटत जाऊन सांडलेला कापूस गोळा करणें, हीं कामें लहान शरीरास अधिक साधत, आणि लहान शरीराची मजुरीहि लहानच असे. आरंभींच्या गिरण्या नदीकांठीं, वस्तीपासून दूर असत. तेव्हां मालकांनीं दरिद्री व अनाथ मुलें 'उमेदवार' म्हणून आणविलीं. मँचेस्टरजवळच्या क्वॉरी बँक गिरणीच्या मालकानें १७९० सालीं अशा मुलांच्या वसतीसाठीं बांधलेलें घर आजहि तेथें उभें आहे.

ब्रिटिश पार्लमेंटनें १८०२ सालीं या उमेदवारांचें काम दिवसास १२ तासांवर आणलें, व १८१९ सालीं ९ वर्षांखालील मुलांस कापसाच्या गिरणींत घेण्यास मनाई केली. दोन्ही कायदे बहुतेक कागदावरच राहिले, कारण ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारा कोणी नव्हता. १८३३ च्या कायद्यानें प्रथमच चार सरकारी तपासनीस नेमिले, आणि ९ ते १३ वर्षांच्या मुलांस आठवड्यांतून ४८ तासांहून अधिक काम देऊं नये व रोज दोन तास शिकवावें, असें ठरविलें. तपासनीस गिरणींत गेले आणि पहिल्याच प्रश्नाला अडले. समोरचें मूल नऊ वर्षांचें आहे हें कशावरून? इंग्लंडमध्यें जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८३७ सालीं. तोंपर्यंत डॉक्टरनें मुलाचा बांधा पाहून अजमासानें दाखला द्यावयाचा. त्याच वर्षीं एका दंतवैद्यानें तर दांतांवरून मुलाचें वय ओळखावें, असें पुस्तक लिहून पार्लमेंटच्या सभासदांपुढें ठेविलें.

आपल्या मुंबईची कथाहि फारशी निराळी नाहीं. १८५४ सालीं कावसजी नानाभाई दावर यांनीं सूतगिरणीची कंपनी काढली व १८५६ सालीं त्यांच्या गिरणीचीं यंत्रें फिरूं लागलीं. पुढें पंचवीस वर्षें मुलांच्या वयास किंवा तासांस कोणताच कायद्याचा बंध नव्हता. १८८१ च्या कायद्यानें ७ वर्षांखालील मुलांस मनाई केली, आणि ७ ते १२ वर्षांच्या मुलांस दिवसास ९ तास काम करण्याची मोकळीक ठेविली. म्हणजे जें मूल आज दुसरीच्या वर्गांत पाढे पाठ करितें, तें त्या कायद्याच्या दृष्टीनें गिरणीकामगार होऊं शकत असे. १८९१ सालीं ही मर्यादा ९ वर्षांवर व १९२२ सालीं १२ वर्षांवर नेण्यांत आली. पहिल्या कायद्यासाठीं लँकेशायरचे गिरणीवाले आग्रह धरीत होते. त्यांत मुलांच्या कळवळ्यापेक्षां मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती मोठी होती, हेंहि विसरतां कामा नये. चांगला कायदा नेहमीं चांगल्याच हेतूनें होतो असें नाहीं. परंतु तो पाळला जावा यासाठीं कोणी तरी डोळ्यांत तेल घालून पाहावें लागतें, हें मात्र सर्वत्र खरें आहे.

आतां पुन्हां अमेरिकेकडे वळूं. तेथील १९०० सालच्या शिरगणतींत १० ते १५ वर्षांचीं साडेसतरा लाख मुलें कमावतीं असल्याचें आढळलें. त्यांतील पुष्कळशीं शेतावर होतीं. परंतु दक्षिणेकडील संस्थानांत, जेथें कापूस पिके तेथेंच, नव्या गिरण्या झपाट्यानें उभ्या राहत होत्या. डोंगराळ भागांतून व कर्जानें पिचलेल्या शेतांवरून कुटुंबेंच्या कुटुंबें तेथें येत. राहण्यास घर गिरणीचें, आणि घराच्या खोल्या जितक्या तितके हात गिरणीला मिळाले पाहिजेत, असा कित्येक ठिकाणीं शिरस्ता होता. एकट्या बापाच्या मजुरींत चूल पेटत नसे. हे आईबाप निर्दय होते असें कोणी समजूं नये. मुलाला कामावर धाडावें किंवा सर्वांनीं उपाशीं राहावें, एवढीच निवड त्यांच्यापुढें होती. परंतु मूल स्वस्तांत मिळतें म्हणूनच बापाची मजुरी वाढत नाहीं, हें दुष्टचक्र त्यांच्या ध्यानांत येणें कठीण होतें.

गिरणींतील काम दिसावयास हलकें असे. मुली साच्यांच्या दोन रांगांमधून येरझारा घालीत आणि धागा तुटेल तेथें तो सांधीत. भरलेल्या बॉबिनी उतरवून रिकाम्या चढविणें हें मुलग्यांचें काम; त्यांस डॉफर म्हणत. त्यांहून लहानांच्या हातीं झाडू देत. सूत तुटूं नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवीत व खिडक्या बंद असत. कापसाचे बारीक तंतू नाकातोंडांत जात, आणि यंत्रांच्या घरघरींत शेजारच्याचा शब्दहि ऐकूं येत नसे. हें दिवसाचे दहा-बारा तास चाले.

नॉर्थ कॅरोलायनांत १९०३ सालींच १२ वर्षांखालील मुलांस कारखान्यांत ठेवण्यास बंदी झाली होती. परंतु तपासनीस नव्हता, आणि आईबाप जें वय लिहून देतील तें खरें मानलें जाई. आणखी एक पळवाट होती. लहान बहीण थोरल्या बहिणीला 'मदत' करावयास येई. तिचें नांव पगाराच्या वहींत नसे, म्हणून ती कामकरीणच नव्हे! मालक सांगत, आमच्याकडे लहान मुलें नाहींत. कागद पाहिले तर त्यांचें म्हणणें खरें दिसे. कागद आणि वस्तुस्थिति यांच्यामध्यें जी फट होती, तींत हीं मुलें हरवलीं होतीं.

ही फट लोकांस दाखविण्यासाठीं १९०४ सालीं 'राष्ट्रीय बालमजूर समिति' स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत अलाबामा संस्थानांतील एडगर गार्डनर मर्फी हे पाद्री प्रमुख होते. समितीस लवकरच कळून आलें कीं, आंकडे सांगितले तर लोक मान हालवितात आणि विसरतात. वर्णन केलें तर मालक तें अतिशयोक्तीचें ठरवितात. म्हणून तिनें लुइस हाइन यास बोलाविलें.

हाइन १८७४ सालीं विस्कॉन्सिन संस्थानांतील ऑशकॉश गांवीं जन्मला. शाळा संपते न संपते तोंच, १८९२ सालीं, बाप अपघातांत गेला. मग सामान मढविण्याच्या एका कारखान्यांत दिवसास १३ तास, आठवड्याचे ६ दिवस, ४ डॉलर मजुरीवर त्यानें काम केलें. पुढें मोठ्या कष्टानें शिकून तो न्यूयॉर्क येथील एथिकल कल्चर शाळेंत शिक्षक झाला. तेथील मुख्याध्यापकांनीं त्याच्या हातीं शाळेच्या कामासाठीं कॅमेरा दिला, तोंपर्यंत त्यास या कलेचा गंधहि नव्हता. देशांत नव्यानें येणाऱ्या परदेशी लोकांचीं छायाचित्रें एलिस बेटावर घेतां घेतां तो शिकला. १९०८ सालीं त्यानें शिक्षकाची नोकरी सोडली व समितीच्या कामास सर्व वेळ वाहून घेतलें.

गिरणीच्या फाटकांतून आंत शिरणें हीच पहिली अडचण. हाइन कधीं बायबल विकणारा होई, कधीं चित्रांचीं कार्डें विकणारा, तर कधीं यंत्रांचीं छायाचित्रें घेण्यास आलेला कारागीर. प्रवेश मिळाला नाहीं तर पाळी सुटण्याच्या वेळीं तो फाटकाबाहेर उभा राही. कॅमेरा म्हणजे तिकाटण्यावर ठेवावयाची जड पेटी, आणि आंत ५ इंच रुंद व ७ इंच लांब अशा कांचेच्या तबकड्या. अंधाऱ्या खात्यांत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून प्रकाश पाडावा लागे. क्षणभर डोळे दिपविणारा लखलखाट होई आणि मागें धूर राही. दुसरी संधि क्वचितच मिळे. एवढ्या धांदलींतहि तो मुलाशीं बोलून घेई: नांव काय, कधींपासून येतोस, मजुरी किती, शाळेंत जातोस कीं नाहीं. जाकिटाची कितवी गुंडी जमिनीपासून किती उंच, हें त्यानें आधींच मोजून ठेविलेलें असे. मूल शेजारीं उभें राहिलें कीं त्याची उंची कळे, आणि ती खिशांतल्या कागदावर उमटे. ज्या मुलांच्या वयाचा दाखला नव्हता, त्यांच्यासाठीं गुंडी हीच साक्षीदार झाली.

त्याच्या चित्रांत रक्त नाहीं, आक्रोश नाहीं. १९०९ च्या जानेवारींत जॉर्जिया संस्थानांतील मेकन येथें घेतलेल्या चित्रांत दोन मुलगे साच्यावर चढून उभे आहेत. जमिनीवरून त्यांचा हात धाग्यापर्यंत पोहोंचत नाहीं, इतके ते लहान. पुष्कळदां हाइन कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर आणी. त्यामुळें आपण त्या मुलाकडे वरून दयेनें पाहत नाहीं. तें मूलच आपल्याकडे सरळ पाहतें. मागें साच्यांची रांग दूरवर अंधुक होत जाते, आणि पुढें एक स्पष्ट चेहरा राहतो. साडेसतरा लाख हा आंकडा कोणाच्या डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं, एक चेहरा मात्र राहतो.

तथापि केवळ चेहऱ्यावर हाइनचा भरंवसा नव्हता. १९०९ सालच्या एका भाषणांत त्यानें श्रोत्यांस सावध केलें कीं, छायाचित्र खोटें बोलत नाहीं असें मानलें तरी खोटें बोलणारा मनुष्य छायाचित्र घेऊं शकतो. म्हणूनच प्रत्येक चित्राखालीं गांव, गिरणी, दिनांक, उंची, मजुरी आणि मुलानें सांगितलेलें वय यांची नोंद तो लिही. मिळेल तेथें घरची जन्मनोंद किंवा विम्याचे कागद यांशीं तें ताडून पाही. चित्रामुळें लोक थांबत, आणि नोंदीमुळें त्यांस नाकारतां येत नसे. हीं चित्रें मासिकांत छापलीं गेलीं, प्रदर्शनांत लागलीं, आणि मॅजिक लँटर्नच्या पडद्यावर गांवोगांवच्या सभांत दाखविण्यांत आलीं.

यापुढील मार्ग सरळ नव्हता. १९१२ सालीं अमेरिकन सरकारनें मुलांच्या हितासाठीं निराळें खातें उघडलें. १९१६ सालीं १४ वर्षांखालील मुलांच्या हातचा माल एका संस्थानांतून दुसऱ्या संस्थानांत नेण्यास बंदी करणारा कायदा झाला. परंतु नॉर्थ कॅरोलायनांतील एका बापानेंच, आपल्या दोन मुलांस गिरणींत काम करूं द्यावें म्हणून, त्याविरुद्ध फिर्याद केली, आणि १९१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार अशा मतांनीं तो कायदा रद्द ठरविला. करांच्या मार्गानें केलेला दुसरा कायदाहि १९२२ सालीं रद्द झाला. अखेर १९३८ च्या कायद्यानें १६ वर्षांखालील मुलांस अशा कारखान्यांत ठेवण्यास बंदी झाली, आणि १९४१ सालीं न्यायालयानें ती मान्य केली. हें सर्व छायाचित्रांनींच घडविलें असें म्हणणें बरोबर होणार नाहीं. नवीं यंत्रें, मंदीच्या काळांतील मोठ्या माणसांची बेकारी आणि अनेकांची चळवळ यांचाहि त्यांत वांटा होता. परंतु "आमच्याकडे लहान मुलें नाहींत" हें वाक्य त्या चित्रांनंतर कोणास निर्धास्तपणें उच्चारतां आलें नाहीं.

ज्या वर्षीं पुढच्या न्यायनिवाड्याची वाट पाहणें चालू होतें त्याच वर्षीं, १९४० सालीं, हाइन वारला. अखेरच्या दिवसांत त्यास काम मिळेनासें झालें होतें, आणि राहतें घरहि कर्जापायीं गेलें. त्यानें समितीसाठीं घेतलेलीं पांच हजारांवर चित्रें आज वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत जपून ठेविलेलीं आहेत.

त्यांपैकीं एका चित्राची गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. १९१० च्या ऑगस्टमध्यें व्हर्माँट संस्थानांतील नॉर्थ पाउनल येथें हाइननें एका किडकिडीत मुलीचें चित्र घेतलें. ती अनवाणी, मळक्या झग्यांत, एक हात साच्यावर टेकून उभी आहे. बरोबरीच्या मुलींनीं तिचें वय दहा सांगितलें. ती स्वतः बारा म्हणाली. शाळेच्या सुट्टींत आपण कामाला लागलों, आणि आतां येथेंच राहणार, असेंहि तिनें सांगितलें. १९९८ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें हें चित्र तिकिटावर छापलें. पण तें कोणाचें, हें नीट ठाऊक नव्हतें, कारण नोंदींत तिचें आडनांव चुकीचें उतरलें होतें. पुढें शोधकांनीं जुने कागद चाळून तिचा माग काढला, तेव्हां कळलें कीं ती खरोखरच बारा वर्षांची होती, आणि तिकीट निघण्यापूर्वीं पांच वर्षें, १९९३ सालीं, वारली होती. आपला चेहरा देशाच्या इतिहासाचा भाग झाला आहे, हें तिला कधींच कळलें नाहीं. इतक्या काळजीनें नोंदी ठेवणाऱ्याच्या हातूनहि एक अक्षर चुकलें, तर एक माणूस ऐंशींहून अधिक वर्षें हरवतें. नांव नीट विचारून नीट लिहिणें ही लहान गोष्ट नव्हे.

आज भारताच्या घटनेनें १४ वर्षांखालील मुलांस कारखान्यांत ठेवण्यास मनाई केली आहे, २००९ च्या कायद्यानें ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला आहे, आणि २०१६ पासून १४ वर्षांखालील मुलांस कोणत्याच कामावर ठेवतां येत नाहीं. मात्र शाळेची वेळ सोडून व सुट्टींत घरच्या धंद्यांत, तो धोक्याचा नसेल तर, मदत करण्यास मोकळीक आहे. घरच्या कामांत हात लावणें यांत कमीपणा नाहीं. पुष्कळ मुलें त्यांतूनच शहाणीं होतात. परंतु 'मदत' या शब्दाआड काय काय दडूं शकतें, हें आपण वर पाहिलेंच. आंतरराष्ट्रीय मजूर संघटना व युनिसेफ यांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणें २०२४ सालीं जगांत सुमारें १३ कोटी ८० लाख मुलें मजुरी करीत होतीं. तेव्हां ही गोष्ट केवळ इतिहासाच्या पुस्तकांतील नाहीं.

मग आपण काय करावें? हाइनप्रमाणें वेष पालटून हिंडण्याची आपणांस गरज नाहीं. आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं आज छायाचित्र घेण्याचें साधन आहे, आणि दिवसभर चित्रें घेतलींहि जातात. परंतु ज्याचें चित्र घेतलें त्याचें नांव, वय व हकीकत विचारणारे थोडे. चहाच्या दुकानांत कपबशा विसळणारा मुलगा आपल्याहून उंच आहे कीं ठेंगणा, एवढें तरी पाहावें. आणि उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा भरली कीं आपल्या वर्गांतील बाकांवर एकवार नजर फिरवावी. एखादी जागा रिकामी दिसली, तर ती मुलगी दुसऱ्या गांवीं गेली असेल असें समजून गप्प बसूं नये. ती कोठें आहे, तिची सुट्टी संपली कीं नाहीं, याची विचारपूस करावी. आणि वर्गशिक्षकांस सांगतांना तिचें नांव बरोबर सांगावें.